घरच्या गॅरेजात छोटा कॅम्पर ट्रेलर कसा बांधायचा, आणि तोही गोव्याच्या पावसात टिकेल असा

कॅम्पर ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची झोपायची छोटी खोली. तो बांधायचा तर सगळ्यात आधी टेप घ्या आणि गॅरेजचं दार मोजा. ट्रेलरचं चित्र काढायच्या आधी, प्लायच्या दुकानात जायच्याही आधी. माझं गॅरेज डिचोलीला घराला लागूनच आहे, आत १८ बाय १० फूट जागा, पण दारावरचा बीम साडेसहा फुटांवर येतो आणि ट्रेलर बांधून झाला की बाहेर काढायचा तो ह्याच दारातून. हिशोब सोपा आहे, चाकं, चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि फरशी मिळून जमिनीपासून साधारण दीड फूट, त्यावर ४ फुटांची केबिन, छतावरचा पंखा धरून पावणेसहा ते सहा फूट. बाजूला फिरायला दोन्हीकडे निदान अडीच फूट हवेत, नाहीतर भिंत चढवताना क्लॅम्प लावायला हातच जात नाही.

मी बांधलाय तो टिअरड्रॉप, म्हणजे पुढून गोल आणि मागे उतरत गेलेला, थेंबाच्या आकाराचा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक हा घरच्या घरी बांधत आलेत. आत फक्त झोपायचं, स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेर उभं राहून करायचा. आत उभं राहता येत नाही, पण म्हणूनच तो हलका राहतो आणि साधी गाडी त्याला ओढू शकते. ४ फूट रुंदी ठेवली तर ८ बाय ४ चा प्लाय न जोडता फरशीला बसतो खरा, पण दोन माणसांना ४ फुटांत आपल्या उकाड्यात झोप येत नाही, त्यामुळे ५ बाय ८ च घ्या, जोड द्यावा लागला तरी चालेल.

आता कागदांचं बोलतो, कारण हे शेवटी अडलं तर केलेली सगळी मेहनत अंगणात उभी राहते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वाहनच आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी बनवणाऱ्याचे मान्यतेचे कागद कुठले लागतात हे आरटीओत विचारावं लागतं. त्यामुळे वाड्यावरच्या वेल्डरकडून चासी करून घेतली आणि निघालो रस्त्यावर, असं होत नाही. आमच्याकडे शिगम्याचे चित्ररथ करणारे वेल्डर आहेत, लोखंडाचं काम त्यांच्याइतकं सफाईने कोणी करत नाही, तरीसुद्धा चासी मी मान्यता असलेल्या ट्रेलर बनवणाऱ्याकडूनच कागदांसकट घेतली आणि केबिन घरी बांधली. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, रस्त्यायोग्यतेचा फॉर्म २२, आणि आपला नोंदणीचा अर्ज फॉर्म २०. चासीवर बॉडी वेगळी बांधली जाते तेव्हा २२-अ लागतो, तो कोण देणार हे आधीच विचारून घ्या. केबिनचं मापांसकट ड्रॉइंग काढून, एकूण वजन लिहून, एकही प्लाय कापायच्या आधी आरटीओत दाखवा आणि जे सांगतील ते लेखी घ्या. गाडीला हिच, म्हणजे मागे ट्रेलर अडकवायचा जोड, बसवायचा तोही कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेला असेल तरच, आणि गाडी किती ओढू शकते हे मॅन्युअलात बघा, मेकॅनिकच्या अंदाजावर जाऊ नका.

चासी बघताना मुख्य पट्ट्या ५० बाय ५० चा ३ मिमी चौकोनी पाईप असेल तर ह्या मापाच्या ट्रेलरला पुरे, हा पाईप मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. खाली पाटे म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या असाव्यात, यू-बोल्ट हात घालून घट्ट करता यावेत, आणि पाईपांची तोंडं बंद असतील तर सगळ्यात खालच्या जागी एक भोक हवंच, कारण आत ओल जाते आणि बाहेर यायला जागा नसली की पाईप आतून सडतो, बाहेरचा रंग मात्र नवाकोरा दिसत राहतो. चाकं मी मुद्दाम १४५/८० आर १२ ची घेतली, जुन्या ऑल्टोची साईझ, कुठल्याही गावात पंक्चरवाल्याकडे मिळते. त्यावर लोड इंडेक्स ७४ असेल तर एक टायर ३७५ किलो पेलतो, दोन मिळून ७५०, आणि आपला ट्रेलर सामानासकट साडेचारशेच्या वर न्यायचाच नाही.

वजन मी वहीत लिहीत गेलो आणि तुम्हीही लिहा, एकेक प्लाय आत येताना. १२ मिमी मरीन प्लायची फरशी ३० किलोच्या आसपास, दोन्ही बाजूच्या भिंती आतून-बाहेरून मिळून ३५, छत ३०, लाकडी सांगाडा २५, दारं, मागचं झाकण आणि कपाटं मिळून ४०, गादी, बॅटरी, पंखा वगैरे वीस-पंचवीस, चासी चाकांसकट १३० ते १४०. रिकामा सव्वातीनशेच्या आसपास जातो. कपाटांना १८ मिमी प्लाय वापरायचा मोह होतो, सुतार मेस्त पण तेच सांगतो कारण त्याला घरातल्या किचनची सवय असते, पण इथे ९ मिमी पुरतो आणि शेल्फला ६.

प्लायबद्दल जरा थांबून सांगतो. बाहेरच्या अंगाला आणि फरशीला आयएस ७१० म्हणजे मरीन, आतल्या कपाटांना आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा, चालेल, फक्त दमटपणा सोसणारा एमआर अजिबात नको. शिक्का बघून विश्वास ठेवू नका. मी पहिल्यांदा शिक्का बघूनच दोन शीट आणले, एका दुकानातून, आणि मग आवाठातल्या म्हणजे आमच्या वाड्यातल्या एका जुन्या सुतार मेस्तांनी सांगितलं म्हणून त्यातला हातभर तुकडा कापून अंगणातल्या चुलीवर जुन्या टोपात उकळत ठेवला. मरीनच्या प्रमाणित चाचणीत प्लाय ७२ तास उकळतात, माझा तुकडा चार तासांत कडेने फुगला आणि भिजलेल्या वहीच्या पानांसारखे थर सुटायला लागले, मधला थर तर बोटाने निघाला. तो प्लाय परत गेला. तेव्हापासून प्रत्येक शीटचा कोपरा कापून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकळतो, थंड झाला की थरांत सुरी घालून बघतो, सुरी शिरली नाही तरच कामाला घेतो. एका शीटमागे एक दिवस जातो, जाऊ दे.

सांगाड्याला मी शिवण वापरलं, हलकं आहे आणि पीळ धरत नाही. सॉ मिलमधून आणलं की लगेच कापू नका, महिनाभर सावलीत, वाऱ्यावर, मधे पट्ट्या देऊन रचून ठेवा.

आकार काढायला कॉम्प्युटर नको. बांबूची एक लांब कामटी सारखी तासून घ्या, दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा करताना घेतो तशी. प्लायवर पुढचं टोक, सगळ्यात उंच जागा आणि मागचं टोक अशा तीन-चार ठिकाणी खिळे मारा, कामटी त्यांना टेकवून वाकवा, ती आपणहून जो बाक घेईल तो डोळ्याला गोड दिसतो, पेन्सिलने ओढा. जिथे कामटी कडकड करायला लागते तिथे प्लायही नंतर मोडणार, तिथला बाक सैल करा. मग चार पावलं मागे जाऊन बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एक भिंत कापली की तिच्यावरूनच दुसरी आखा, दोन्ही एकत्र क्लॅम्प करून कडा घासा, म्हणजे छत पिळणार नाही.

भिंत तीन थरांची. बाहेर ६ मिमी, मधे २५ मिमीचा लाकडी सांगाडा आणि त्याच्या खणांत एक्सपीएस फोम म्हणजे पाणी न पिणारा घट्ट फोम, आत ४ मिमी. थर्मोकोल नको, त्याच्या दाण्यांमधे ओल राहते. आपल्याला थंडीसाठी नाही तर उन्हासाठी हा थर लागतो, एप्रिलमधे सावलीत लावलेला ट्रेलरसुद्धा दुपारी तापतो. दारं पुढच्या कडेला बिजागरी लावून बसवा, चालत्या गाडीत कडी सुटली तरी वारा दार बंदच करतो. पहिल्या भिंतीत वायर घालायला विसरलो होतो, आतला ४ मिमी ठोकायच्या आधी वायरींचे पाईप टाकून घ्या.

छताला ४ मिमीचे दोन थर, आणि इथे शीट कसा ठेवायचा हे महत्त्वाचं. प्लायच्या वरच्या थराचे रेषे म्हणजे लाकडाचे तंतू शीटच्या लांबीत धावतात, त्या दिशेने तो वाकायला हट्टी असतो. म्हणून शीट आडवा ठेवा, रेषे ट्रेलरच्या रुंदीत, ५ फुटांवर कापा, असा एक तुकडा बाकावरची ४ फूट लांबी झाकतो आणि मुकाट्याने वाकतो. असे तीन तुकडे लागतात. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. पुढचा बाक फार घट्ट असेल तर बाहेरच्या अंगाला ओलं फडकं अर्धा तास ठेवून मग दोघांनी मिळून हळूहळू खाली आणा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय ग्लू लावू नका.

त्यावर फायबर. आपल्याकडे होड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली दोन दिवस उभं राहिलात तर अर्धं काम शिकाल, मी तेच केलं. फरक एवढाच की त्यांची होडी अख्खी फायबरची, तिथे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट म्हणजे काचेच्या सुट्या तंतूंची चादर चालते, आपलं काम लाकडावर आहे आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतो. इपॉक्सीबरोबर मॅट घेऊ नका, तिचा बाइंडर त्यात नीट विरघळत नाही, विणलेलं २०० ग्रॅमचं कापड घ्या. इपॉक्सी एका वेळी दोन-अडीचशे ग्रॅमच मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमधे ओता, कारण डब्यात खोल राहिला तर आपल्या उन्हाळ्यात तो स्वतःच तापतो, धूर सोडतो आणि दगड होऊन बसतो. हातमोजे, मास्क, दोन्ही दारं उघडी. दमट दिवशी वाळल्यावर वर तेलकट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात द्या. आणि उन्हाने इपॉक्सी खराब होतो, त्यामुळे वरून पांढरा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पेंट पाहिजेच. हे सगळं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा, चतुर्थीनंतर साहित्य जमवायचं, दिवाळीनंतर कापायचं, शिगम्यापर्यंत रंग झालेला पाहिजे.

आता पाणी, ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलोय. गोव्यात किनाऱ्यालाच वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, आमच्या बाजूला सत्तरीकडे त्याहून जास्त, आणि परदेशातले प्लॅन बघून बांधलेला ट्रेलर पहिल्याच आषाढात गळतो कारण त्या प्लॅनमधे सगळा भर फटी बंद करण्यावर असतो. फटी बंद कराच, पण पाणी कुठून तरी आत जाणार हे धरून चाला आणि त्याला बाहेर जायला वाट ठेवा. आपल्या घराची कौलं बघा, एकाही कौलाला सीलंट नाही, वरचं कौल खालच्यावर येतं म्हणून पाणी आत येत नाही, आणि चुकून आलंच तर वाऱ्याने सुकतं. ट्रेलरचा प्रत्येक सांधा असाच करायचा. छताचं फायबर भिंतीवर दोन इंच खाली उतरवा. मागच्या झाकणाची पियानो बिजागरी, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतची अखंड बिजागरी, उघडी ठेवलीत तर गळणारच, तिच्यावर छतापासून सुरू होऊन झाकणावर उतरणारी रबराची रुंद पट्टी टाका, वरची कड अॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबून, खालची कड मोकळी. झाकणाच्या दोन्ही कडांना आत पन्हळ ठेवा, तिचं तोंड खाली बाहेर उघडं. दाराच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या. फरशीच्या चारी कोपऱ्यांत, गादीच्या लाकडी पट्ट्यांखाली, बोटाएवढं भोक, खालून मच्छरजाळी.

स्क्रू आपल्याकडे फार महत्त्वाचे. साधे स्क्रू दोन महिन्यांत गंजतात आणि पांढऱ्या रंगावरून लाल ओघळ येतात. स्टेनलेस स्टीलचे एसएस ३०४ घ्या, समुद्राजवळ राहत असाल तर ३१६. अॅल्युमिनियमवर स्टीलचा स्क्रू थेट टेकला की खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम त्याच्याभोवती पांढरं पडून खाल्लं जातं, मधे ब्युटाइल म्हणजे चिकट रबराची टेप द्या.

बाहेरून मारायच्या प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, वाळलं की त्याच्या मधोमध बारीक भोक पाडून मग स्क्रू मारा, म्हणजे स्क्रूशेजारून पाणी गेलं तरी लाकडाला लागत नाही. हे मी छताच्या पंख्याला केलं नव्हतं. चौदा स्क्रू होते, घाई होती, वरून सिलिकॉन फासलं आणि निश्चिंत झालो. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसानंतर चार दिवसांनी गादी उचलली तर पायाकडच्या कोपऱ्यात प्लायवर काळी रेघ, वीतभर लांब, आणि वास. मी दोन दिवस दाराचं रबर तपासत बसलो कारण रेघ दाराजवळ होती. पाणी आलं होतं पंख्याच्या एका स्क्रूमधून, छताच्या दोन थरांच्या मधून पाच फूट सरकत येऊन ते भिंतीतून खाली उतरलं होतं. छताचा तेवढा तुकडा कापून नवीन घालावा लागला. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि ते खरवडून पूर्ण निघतही नाही, म्हणून आता पॉलियुरेथेन सीलंटच वापरतो.

तेव्हापासून रंग द्यायच्या आधी पाण्याची परीक्षा घेतो. आत फरशीवर आणि भिंतींना जुनी वर्तमानपत्रं लावायची, एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर बागेची नळी घेऊन. सुरुवात खालून करायची, खालच्या पट्ट्यावर दहा मिनिटं, मग मधे, मग छत. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नक्की कुठली ते कळत नाही. कागद पहिल्यांदा भिजतो तेव्हा नळी जिथे होती तिथेच बघायचं.

हवेचं पण पाण्याइतकंच. बंद डब्यात दोन माणसं झोपली की सकाळी आतून भिंती ओल्या असतात, पाऊस नसतानाही. छताला हवा बाहेर काढणारा पंखा आणि खाली पायाकडे जाळीची खिडकी, दोन्ही हवीत. फक्त पंखा लावून काही होत नाही, हवा आत यायला जागा पाहिजे.

विजेचं थोडक्यात. १२ व्होल्टचा पंखा २५ वॅटचा, नऊ तास म्हणजे सव्वादोनशे वॅट-तास, दिवे आणि मोबाईल धरून तीनशेच्या आसपास. ५० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तास देते, दोन रात्री निघतात, १०० वॅटचं पॅनेल असेल तर काळजीच नाही. फ्यूज बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ. मागच्या दिव्यांना अर्थची वायर वेगळी ओढा, हिचच्या बॉलवर भरवसा नको, गंज आला की इंडिकेटर द्यायला जावं तर ब्रेकलाईट लुकलुकते. वायर टिन चढवलेल्या तांब्याची मिळाली तर तीच घ्या, साधी आपल्याकडे आतून हिरवी पडते.

गॅस आत पेटवायचा नाही, पाऊस असला तरी नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. ५ किलोचा सिलिंडर पुढच्या बाजूला वेगळ्या पेटीत, आणि पेटीला तळाला भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

रस्त्यावर नेण्याआधी तोल बघा. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा, साडेचारशे किलोला साधारण ४५ ते ६७ किलो. आमच्याकडे काजूबिया मोजायचा काटा आहे, त्यावर हिच टेकवून मी मोजलं, पहिल्यांदा २८ भरलं, कारण पाण्याचे कॅन आणि सगळी भांडी मागे स्वयंपाकाच्या बाजूला ठेवली होती. पाणी चाकांच्या पुढे आणलं, बॅटरी पुढच्या दुसऱ्या, गॅसची नसलेल्या पेटीत हलवली, ५२ झालं. हे हलक्यात घेऊ नका. मागे जड ट्रेलर साठच्या स्पीडला गाडीची शेपटी हलवायला लागतो आणि मग घाबरून ब्रेक मारला की आणखी वाढतं, अशा वेळी फक्त अॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं. दोन सेफ्टी चेन हिचखाली एकमेकींवरून फुली करून लावा, हिच सुटला तर पुढचा दांडा त्या फुलीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही.

पहिल्या फेरीत पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबजवळ हात न्या, एक बाजू जास्त गरम लागली तर बेअरिंग बघा. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. रिव्हर्स रिकाम्या मैदानात शिका, स्टीअरिंग खालून धरायचं, हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरचं ढुंगण जातं, अगदी थोडं थोडं.

मुक्काम कुठे, तर समुद्रकिनारा डोक्यातून काढा. पर्यटनस्थळांच्या कायद्यात २०१९ मधे दुरुस्ती होऊन किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाकाला दंड आहे, आणि गाडी वाळूत नेता येत नाही. मोलेचं अभयारण्य असो की आणखी कुठलं, वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचं भाट म्हणजे माडांची बाग, किंवा होमस्टेचं अंगण, आधी विचारून, निघताना जागा झाडून.

जून लागायच्या आत ट्रेलर गॅरेजात घ्या. टायरवरचा भार जॅकवर घ्या, गादी घरात आणा, बॅटरी अर्धी चार्ज करून काढून ठेवा, पुढचं टोक थोडं उंच ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, दोन्ही दारं बोटभर उघडी आणि पंखा बाहेरून वीज देऊन रोज तासभर चालू. दर रविवारी पट्ट्या उचलून चारी कोपऱ्यांतल्या भोकांत काडी फिरवा, कोळी तिथेच जाळं करतो आणि वाट तिथेच बुजते.